भोंगा झाला, पण हजेरी कोणी घेतली?



आमचे वडील मुंबईत गिरणीत, रिंग खात्यात होते. १९८२ चा संप होईपर्यंत आमच्या चाळीचे घड्याळ म्हणजे गिरणीचा भोंगा. भोंग्यावर आई चूल पेटवी, भोंग्यावर आम्ही शाळेचे दप्तर भरू. वडील एक गोष्ट मात्र नेहमी सांगत. "भोंगा सगळ्यांसाठी वाजतो. कोण आलं अन् कुणाचा खाडा पडला, ते मस्टर सांगतं." त्या वेळी त्यात काही विशेष वाटले नव्हते. त्याचा अर्थ कळायला आम्हाला घरात संगणक यावा लागला, आणि त्यासाठी किंमतही मोजावी लागली.

संगणकाला ठरल्या वेळी ठरलेले काम आपोआप करायला लावता येते काय, असा प्रश्न पत्रांतून अधूनमधून येतो. येते, आणि त्यासाठी पैसाही पडत नाही. विंडोजमध्ये 'टास्क शेड्युलर' नावाचा कारकून पहिल्यापासून बसलेलाच असतो. पण कारकुनाची ओळख करून देण्यापूर्वी आमच्या घरी काय घडले ते सांगतो, म्हणजे आमच्या चुकीतून तुमचा फायदा होईल.

प्रत्येक घरात कागदांची एक पिशवी असते. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, आजोबांच्या शाळेचा १९५० पूर्वीचा दाखला, मुलांच्या गुणपत्रिका, घराची कागदपत्रे. यातला एकेक कागद मिळवायला किती चपला झिजतात, हे या पानाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. २०२४ च्या जून महिन्यात आम्ही ती सारी पिशवी स्कॅन करून लॅपटॉपवर ठेवली. एक बाहेरची हार्डडिस्क आणली आणि सगळ्याची दुसरी प्रत स्वतःच्या हाताने तिच्यावर उतरवली. मग ठरवले की रोज रोज हे कोण लक्षात ठेवणार? संगणकालाच सांगू. टास्क शेड्युलर उघडला, काम नेमून दिले आणि वेळ दिली रात्री दोनची. मोठ्या कचेऱ्यांतली यंत्रे रात्री दोन-तीनला अशी कामे उरकतात, असे कुठेतरी वाचले होते. आपणही त्याच थाटात, म्हणून आम्ही खूष.

त्या पावसाळ्यात आई गावाहून आमच्याकडे राहायला आली. वय अठ्ठ्याहत्तर, पण आवाज खणखणीत. एका दुपारी धो धो पाऊस पडत असताना ती आपल्याच नादात ओव्या म्हणू लागली. पाठ केलेल्या नव्हेत, तिथल्या तिथे सुचलेल्या. त्यात वडिलांची गिरणी होती, चाळीतला नळ होता, आमच्या धाकट्या बहिणीचे आजारपण होते. आमच्या मुलीने मोबाइल पुढे धरला. पुढे महिनाभर रोज दुपारी हा कार्यक्रम चालला. मोबाइल भरला की ध्वनिमुद्रण लॅपटॉपवर घ्यायचे आणि मोबाइल रिकामा करायचा. आईने नको नको म्हणत का होईना, भरपूर म्हटले.

नोव्हेंबरात लॅपटॉप भरत आला. जागा कशाने व्यापली ते पाहिले, तर आईचा आवाज. आम्ही म्हणालो, "हार्डडिस्कवर प्रत आहेच की." घरच्या मंडळींनी विचारले, "अहो, नक्की आहे ना?" आम्ही म्हणालो, "रोज रात्री दोनला आपोआप जाते." आणि सगळे पुसले. रिसायकल बिनही रिकामा केला. आठवड्याने आईचा फोन आला म्हणून ती एक ओवी ऐकावीशी वाटली, हार्डडिस्क जोडली, तर तिच्यावर जूनमध्ये हाताने उतरवलेले कागद तेवढे जसेच्या तसे. ओव्यांचे नाव नाही.

घाबरत टास्क शेड्युलर उघडला. आमच्या कामाच्या ओळीत 'लास्ट रन टाइम' म्हणजे शेवटी कधी चालले, त्याखाली तारीख होती ३० नोव्हेंबर १९९९. लॅपटॉप तर त्यानंतर कितीतरी वर्षांनी घेतलेला. जे काम एकदाही चाललेले नाही, त्याच्यापुढे विंडोज ही तारीख दाखवते, हे मागाहून कळले. शेजारी एक आकडा होता, ०एक्स४१३०३. त्याचा अर्थ 'हे काम अद्याप चाललेले नाही'. पाच महिने रोज रात्री दोनचा भोंगा झाला होता आणि रोज खाडा पडला होता. आम्हाला पत्ताच नाही, कारण मस्टर आम्ही उघडलेच नव्हते.

कारण अगदी साधे निघाले. आम्ही रात्री अकराला लॅपटॉपचे झाकण लावतो आणि झाकण लावले की तो झोपतो. झोपलेल्याला दोनची वेळ कोण सांगणार?

दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तिथल्या मुलाने समजावून सांगितले की जुन्या फिरत्या तबकडीच्या डिस्कवर पुसलेले काही वेळा परत काढता येते, कारण त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जुने तिथेच पडून असते. पण नव्या लॅपटॉपमध्ये एसएसडी असते. फाइल पुसली की विंडोज तिला कळवते की एवढी जागा मोकळी झाली, आणि एसएसडी ती जागा खरोखरच झाडून टाकते. तिथे आशा फार थोडी. आमच्या बाबतीत ती थोडीही उरली नव्हती.

आता यंत्राला दोष द्यावा का? या विद्येचा इतिहास पाहिला तर गोष्ट स्पष्ट होते. ठरल्या वेळी काम चालवणारा 'क्रॉन' नावाचा प्रोग्राम युनिक्स या प्रणालीत आला. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत तो होता. मिनिट, तास, महिन्याची तारीख, महिना आणि वार, असे पाच रकाने पुढे आले, आणि त्याच पाच रकान्यांवर आजही जगातली असंख्य यंत्रे चालतात. पण ती यंत्रे विद्यापीठांतली, कचेऱ्यांतली. ती रात्रंदिवस चालू असत. क्रॉन दर मिनिटाला उठून पाहतो, या मिनिटाला काही काम आहे काय? असले तर करतो. ते मिनिट निघून गेले की त्याची आठवण ठेवत नाही. गिरणी तीन पाळ्या चालते, हे त्याने धरूनच ठेवलेले.

घरच्या संगणकाचे तसे नाही. तो झोपतो, बंद होतो, त्याची वायर निघते, लाइट जाते. म्हणून पुढे खाडा भरून काढण्याची सोय करावी लागली. लिनक्समध्ये त्यासाठी 'अ‍ॅनाक्रॉन' आला. तो घड्याळाकडे न पाहता 'शेवटचे काम होऊन किती दिवस झाले' ते पाहतो. अ‍ॅपलच्या मॅक संगणकावर २००५ पासून 'लाँचडी' आहे. ठरल्या वेळी मॅक झोपलेला असेल तर उठल्यावर तो राहिलेले काम करतो, मात्र पूर्ण बंद असेल तर नाही. विंडोजच्या घरगुती संगणकावर ठरल्या वेळी काम करण्याची सोय १९९५ मध्ये, विंडोज ९५ सोबत वेगळ्या विकत मिळणाऱ्या 'प्लस' या संचातून 'सिस्टिम एजंट' नावाने आली आणि विंडोज ९८ मध्ये तिचे नाव टास्क शेड्युलर झाले. खाडा भरून काढण्याची सोय आज विंडोजमध्येही आहे. पण ती आपण होऊन चालू नसते. खूण करावी लागते, आणि तिथेच आमच्यासारखे फसतात.

तेव्हा आता कागद-पेन्सिल घ्या. स्टार्ट बटण दाबून टास्क शेड्युलर हे नाव शोधा. उजव्या बाजूला 'क्रिएट बेसिक टास्क' दिसेल. कामाला नाव द्या, रोज की आठवड्यातून एकदा ते सांगा, वेळ द्या आणि कोणता प्रोग्राम चालवायचा तो दाखवा. पाच मिनिटांचे काम. आम्हीही एवढेच केले होते आणि 'फिनिश' दाबून झोपायला गेलो होतो. पण त्याच शेवटच्या पानावर, फिनिशच्या वर, एक छोटा चौकोन असतो. कामाचे 'प्रॉपर्टीज' उघडा, असे सांगणारा. त्यावर खूण करा. कारण खरी कुलपे आत आहेत आणि ती या सोप्या वाटेवर दिसतच नाहीत.

पहिले कुलूप 'कंडिशन्स' या पानावर आहे. 'एसी पॉवर' हे शब्द असलेली ओळ शोधा. एसी म्हणजे गारवा देणारे यंत्र नव्हे, भिंतीतली वीज. लॅपटॉपला भिंतीतली वीज मिळत असेल तरच काम सुरू करा, अशी ही अट असते आणि ती आधीपासून लावलेली असते. तिच्याच खाली, काम चालू असताना लॅपटॉप बॅटरीवर गेला तर काम थांबवा, अशी दुसरी अट असते. बॅटरी वाचावी म्हणून हे केलेले आहे, हेतू चांगला. पण आपल्याकडे लाइटचा भरवसा काय, हे ती अट लिहिणाऱ्याला ठाऊक नसावे. फायलींची प्रत काढण्यासारखे हलके काम असेल तर दोन्ही खुणा काढून टाका.

दुसरे कुलूप त्याच पानावर, 'वेक' या शब्दाने सुरू होणारी ओळ. ही खूण केली तर झोपलेला संगणक कामापुरता जागा होतो. मात्र पॉवरच्या सेटिंगमध्ये 'वेक टाइमर' ना परवानगी असावी लागते, आणि पूर्ण बंद केलेला संगणक कितीही हाका मारल्या तरी उठत नाही. आम्ही म्हणू, या भानगडीत न पडता घर जागे असते तीच वेळ द्यावी.

तिसरे कुलूप सर्वांत मोलाचे. 'सेटिंग्ज' या पानावर 'मिस्ड' या शब्दाने संपणारी एक लांबलचक ओळ आहे. वेळ चुकली तर शक्य तितक्या लवकर काम करून टाक, असा तिचा अर्थ. गिरणीच्या भाषेत खाडा भरून काढणे. ही खूण आधी केलेली नसते. ती जरूर करा. आमची ही एक खूण असती तर सकाळी झाकण उघडल्यावर थोड्याच वेळात काम झाले असते आणि आईच्या ओव्या आज आमच्याकडे असत्या.

एवढे करून झाले म्हणजे काम फत्ते, असे आम्हालाही वाटले होते. आम्ही वेळ बदलून रात्री नऊची केली. 'मिस्ड'ची खूण केली. एसीच्या ओळीकडे त्या वेळी आमचे लक्ष नव्हते, हे कबूल करतो. पण या वेळी एक शहाणपण केले. दर रविवारी सकाळी चहा घेताना मस्टर पाहायचे, असा घरात नियम केला आणि ते काम मुलीकडे दिले. पहिल्याच रविवारी ती म्हणाली, "पप्पा, इथे काहीतरी भलतंच लिहिलंय." आकडा होता ०एक्स८००७१०ई०, आणि त्यापुढचे इंग्रजी वाक्य सांगत होते की ऑपरेटरने किंवा अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने विनंती नाकारली आहे. आता आमच्या घरात ऑपरेटर आम्हीच आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटरही आम्हीच. नकार दिला कोणी? शोध घेतला तेव्हा उलगडले. आमच्या खोलीत विजेचा बोर्ड एकच. रात्री साडेआठला लॅपटॉपची वायर निघते आणि घरातले मोबाइल लागतात. नऊ वाजता लॅपटॉप बॅटरीवर, म्हणून पहिल्या कुलपाने काम अडवले. मागच्या खेपेला पाच महिन्यांनी कळले होते, या खेपेला पाच दिवसांत कळले. फरक यंत्रात पडला नव्हता. फरक हजेरी घेण्याने पडला होता.

ही हजेरी वाचायची कशी, तेही सांगतो. 'लास्ट रन टाइम' ताजा असावा आणि 'लास्ट रन रिझल्ट' समोर ०एक्स० असावे. शून्य म्हणजे बिनतक्रार. दुसरा आकडा दिसला तर चौकशी करा, पण घाबरू नका, कारण काही आकडे फसवे असतात. प्रती काढण्यासाठी विंडोजमध्ये 'रोबोकॉपी' नावाची चांगली आज्ञा आहे. ती वापरली आणि फायली व्यवस्थित उतरल्या तर ती १ हा आकडा परत देते, आणि टास्क शेड्युलर बिचारा तो चूक समजून दाखवतो. रोबोकॉपीच्या हिशेबात ० म्हणजे नवे काही उतरवायचे नव्हते, १ म्हणजे उतरवले, आणि ८ किंवा त्याहून मोठा आकडा आला म्हणजे खरी गडबड. प्रत्येक कारकुनाची सही वेगळी, ती ओळखायला शिकले पाहिजे.

याच रोबोकॉपीची एक धारही आहे. तिला 'मिरर' म्हणजे आरसा करायला सांगितले तर ती दुसऱ्या डिस्कला पहिलीची हुबेहूब छबी बनवते. इथे जे नवे आले ते तिथे जाते, आणि इथे जे पुसले ते तिथेही पुसले जाते. विचार करा, आमचे काम रोज रात्री नेमाने चालले असते आणि आम्ही आरसा लावला असता, तर ज्या दिवशी आम्ही ओव्या पुसल्या त्याच रात्री हार्डडिस्कवरूनही त्या गेल्या असत्या. भोंगाही झाला असता, हजेरीही भरली असती, आणि तरी हाती काही राहिले नसते. म्हणून आरसा म्हणजे प्रत नव्हे, हे पक्के लक्षात ठेवा. साधी भर घालणारी प्रत काढा, किंवा जुन्या आवृत्त्या राखून ठेवणारी विंडोजची 'फाइल हिस्टरी' वापरा. आणि मूळ पुसण्यापूर्वी तिसऱ्या जागी एक प्रत असू द्या.

दोन बारीक गोष्टी. हार्डडिस्क जोडली की विंडोज तिला एक अक्षर देते. मध्येच पेनड्राइव्ह लावला तर ते अक्षर बदलू शकते आणि आपले काम रिकाम्या पत्त्यावर जाऊन परत येते. डिस्क मॅनेजमेंटमधून अक्षर कायमचे नेमून द्या. दुसरे, जो प्रोग्राम चालवायचा त्याचा आणि फायलींचा पूर्ण पत्ता लिहा. घरात हाक मारताना "अरे, ते कपाटातलं आण" चालते. रात्री एकट्याने काम करणाऱ्या यंत्राला कोणते कपाट ते सांगावे लागते.

आणि प्रत्येक गोष्ट यंत्रावर सोपवू नये. आम्ही हौसेने रात्री अकराला लॅपटॉप आपोआप बंद व्हावा असेही काम नेमले होते. एका रात्री मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरत बसली होती. अर्ध्या मिनिटाची सूचना पडद्यावर झळकली, ती वाचेपर्यंत पडदा काळा. तासाभराचे लिखाण गेले. ती रडली, आम्ही ते काम त्याच रात्री काढून टाकले. समोर कोण बसले आहे, ते काय करते आहे, हे घड्याळाला दिसत नाही. प्रत काढणे, आठवण देणे, विषाणूंची तपासणी करणे ही कामे घड्याळाला द्यावीत. बंद करणे, पुसणे, पाठवून देणे ही कामे माणसाच्या हाती असू द्यावीत.

आता आमच्या घरी दर रविवारी चहाबरोबर मस्टर उघडते. महिन्याच्या पहिल्या रविवारी तर हार्डडिस्कवरची एखादी फाइल प्रत्यक्ष उघडून पाहतो, कारण नाव दिसले म्हणजे आत मजकूर आहे असे नव्हे. मग हार्डडिस्क अर्धा तास तशीच ठेवून, तोपर्यंतची भर हाताने घालून, आम्ही दुसरी एक जुनी डिस्कही जोडतो आणि ती कपाटात वेगळी ठेवतो.

आईला सारे सांगितले तेव्हा आम्हाला वाटले, ती रागावेल. ती म्हणाली, "जाऊ दे बाबा. आवाज हाय ना अजून." आम्ही म्हणालो, "मग त्याच पुन्हा म्हण." तर हसली. "आरं, त्या तवा मनात आल्या, म्हणून म्हटल्या. त्याच आता कुठनं आणू?" यंदाच्या पावसाळ्यात तिने दुसऱ्या म्हटल्या. चांगल्या आहेत. पण धाकट्या बहिणीच्या आजारपणाची ती ओवी त्यांत नाही, आणि आम्ही ती पुन्हा मागितलीही नाही.

तेव्हा वाचकहो, ज्यांच्या घरी असे काम नेमलेले आहे त्यांनी हे पान बाजूला ठेवून आधी संगणक उघडावा आणि 'लास्ट रन टाइम' पाहावा. तिथे ३० नोव्हेंबर १९९९ दिसली तर आम्हाला पत्राने कळवा. आणि आज रात्रीपर्यंत काहीही पुसू नका.